पश्चिमेची खिडकी

खिडक्यांना बाहेरून उन्हाचे पडदे बसवणं हा माझा धंदा. एकोणीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलोय आणि एकोणीस वर्षं लोक ती या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतायत. ऊन थांबवायचं तर ते काचेच्या बाहेर थांबवायचं. एकदा काचेतून आत आलं की त्याचा जावई होतो. पाय पसरून बसतं आणि जायचं नाव घेत नाही. मग आतून कितीही भारी पडदा ओढा, पडदा तापतो, पडद्यामागून खोली तापते आणि घरातली माणसं पंख्यासमोर बसून सरकारला शिव्या घालतात. आमच्याकडे वर्षातले दहा महिने ऊन दर्शन देत नाही. त्यामुळे ते आलं की लोक खिडक्या सताड उघडून त्याला ओवाळायला उभे राहतात. अशा लोकांना सांगणार काय, कपाळ?

हे शहाणपण मी पाजळतोय खरा. पण नेलमावशीच्या घरातली भट्टी मी माझ्या हातानं पेटवली होती.

मावशीचं घर आमच्याच गल्लीत, समुद्राच्या बांधावर, अगदी शेवटचं. बाहेरची खोली पश्चिमेला तोंड करून. तिथून बंदराचं तोंड दिसतं आणि त्याच्या पलीकडे सगळा समुद्र. चार वर्षांपूर्वी वादळात त्या खिडकीची काच फुटली तेव्हा मावशी मला म्हणाली, "मेंडर्ट, त्या मधल्या लाकडी पट्ट्या काढून टाक रे. बारा तुकड्यांतून बघून बघून माझे डोळे दुखतात." मी पट्ट्या काढल्या आणि एकच मोठी काच बसवली, दुहेरी, घरातली ऊब धरून ठेवणारी. अशी काच उन्हाळ्यातही ऊब धरूनच ठेवते आणि पश्चिमेच्या खिडकीला तर ती लावूच नये, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ती तिथं बसून काय बघते ते मला ठाऊक होतं. म्हणून तोंड मिटून काच बसवली आणि घरी आलो.

ती हेसेलची वाट बघायची. हेसेल तिचा एकुलता एक मुलगा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात चौघं मासेमारीला गेले आणि बोट परत आली नाही. तिघांची प्रेतं मिळाली. त्या तिन्ही घरांनी झडपा लावल्या.

आमच्याकडे रीतच ती. प्रत्येक खिडकीला बाहेरून दोन लाकडी झडपा असतात, एरवी भिंतीला टेकवून आकड्यात अडकवलेल्या. घरात कोणी गेलं की त्या दिवसाढवळ्या लावायच्या आणि दफन करून परत येईपर्यंत उघडायच्या नाहीत. मग निरोप धाडावा लागत नाही. झडपा बघून शेजारी काळे कपडे चढवतात, मनुकांचा पाव घेतात आणि दारात येऊन उभे राहतात.

चौथ्या घराच्या झडपा उघड्या राहिल्या. हेसेल मिळाला नाही, म्हणून मावशीच्या लेखी तो गेलाच नाही. पुढे कोर्टानं त्याला मृत ठरवल्याचा कागद पाठवला. तो तिनं पाकीट न फोडता चमच्यांच्या खणात, चमच्यांच्या खाली सरकवला. त्या नोव्हेंबरापासून त्या खिडकीच्या झडपा वादळातही लागल्या नाहीत. दोनदा काच फुटली, दोन्ही वेळा मीच बसवली, पण "झडप लावली असती तर फुटली नसती" एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्या जुलैत उकाड्यानं कहर केला. माझा फोन दिवसभर खणखणायचा. ज्यांनी एकोणीस वर्षं माझं ऐकलं नव्हतं त्या सगळ्यांना परवापर्यंत पडदे हवे होते, आणि माझ्याकडचं कापड संपून दोन आठवडे झाले होते. अशात इनेकेचा फोन आला. इनेके म्हणजे घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणारी आमची नर्स.

"मेंडर्ट, नेलमावशींकडे जाऊन ये. बाहेर तेहेतीस आणि घरात छत्तीस आहे, असं कुठं असतं का? काकांचं हृदय आधीच अर्ध्यावर चालतंय. त्यांना पाणीही मोजून प्यायचंय. माणूस डोळ्यांदेखत वाळतोय आणि मावशी साधा पडदा ओढू देत नाहीत."

"पडदा ओढून काही होत नाही."

"मग जे केल्यानं होतं ते कर की, शहाण्या!"

लुबर्टकाका म्हणजे मावशीचा नवरा. वय त्र्याऐंशी, जन्म बोटीवर गेलेला. जिना चढवेना म्हणून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आणली होती, उशी खिडकीखाली. त्यामुळे समुद्र त्यांच्या डोक्यामागे यायचा आणि संध्याकाळचं ऊन सरळ अंगावर.

मी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. खोलीत पाऊल टाकलं आणि बेकरीची भट्टी उघडावी तसा चेहऱ्यावर झोत आला. काका डोळे मिटून पडले होते. पायांवरची चादर उन्हात पांढरीफेक झाली होती. मावशी खिडकीशी खुर्चीत, गुडघ्यांवर मटार सोलत.

"नेल," काका डोळे न उघडता म्हणाले, "काय दिसतंय?"

"अजून काही नाही."

हे त्यांचं रोजचं. अकरा वर्षं काका दिवसातून दोन-चारदा विचारायचे आणि मावशी हेच उत्तर द्यायची. गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झालं होतं.

"मावशी," मी म्हणालो, "झडपा लावू या. दुपारी एक ते रात्री दहा. बाकी दिवस उघड्या ठेव. दुसरा इलाज नाही बघ."

"त्या लागत नाहीत."

"गंजल्यात? मी बघतो ना."

"लागत नाहीत म्हटलं ना! ताक पितोस?"

मी ताक प्यालो. विषय तिथंच संपला.

पण काकांचे पाय माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या शिडाचं कापड घेऊन गेलो. खिडकीच्या वरून उतरतं, दोन बांबूंवर पुढे ताणलेलं छप्पर काढायचं, असा बेत. खिडकी झाकायची नाही, फक्त तिच्यावर सावली पाडायची. मावशी हो म्हणाली, पण काम चालू असताना बांधावरून पार बंदराच्या टोकाला चालत गेली. तिथून परत आली तेव्हा धापा टाकत होती.

"आणखी थोडं वर घे."

"का गं?"

"बोटीवरनं खिडकी दिसली पाहिजे."

मी वर घेतलं. तीन वाजेपर्यंत खोलीत एकोणतीसच होतं, आणि मी स्वतःवर खूश होऊन काकांशी गप्पा छाटत बसलो. मग चार वाजले. आमच्याकडे जुलैत सूर्य रात्री दहाला मावळतो. चारनंतर तो डोक्यावरून येत नाही, समोरून येतो, आणि छप्पर कितीही पुढे काढलं तरी खालून आत घुसतो. पश्चिमेच्या खिडकीला छप्पर पुरत नाही, ती उभीच झाकावी लागते. धंदा शिकताना पहिल्या महिन्यात सांगतात हे. मला ते माहीत होतं, तरी मी वेड्यासारखी आशा धरून बसलो होतो. सात वाजता खोलीत पस्तीस झालं होतं. काकांचे ओठ निळे पडले आणि इनेके धावत आली.

तिनं काकांची नाडी बघितली, छातीला नळी लावून ऐकलं आणि मग आम्हाला ओट्याशी नेऊन हळूच म्हणाली, "उद्या अडतीस सांगितलंय. अकरा वाजता गाडी बोलावते. शहरातल्या शुश्रूषागृहात गारवा आहे. इथं उद्याची संध्याकाळ निघायची नाही."

काकांचे कान मात्र शाबूत होते. खाटेवरून म्हणाले, "तिथून कोणी परत आलंय का गं, इनेके?"

इनेकेनं नळी पिशवीत भरली.

"मग मला इथंच राहू दे. ही एकटी बसून काय करेल? तिला विचारायला तरी कोणी पाहिजे."

मावशी मटाराच्या रिकाम्या शेंगांकडे बघत उभी होती. मी माणूस तापट आहे, बायको रोज सांगते. त्या क्षणी माझं डोकं फिरलं.

"मावशी, एक जण अकरा वर्षं समुद्रात आहे. एक जण या खाटेवर आहे. तुला एकालाच धरून ठेवता येणार आहे, आणि तू नेमका चुकीचा हात धरून बसलीयस."

मावशीनं मघाशी दिलेला ताकाचा पेला माझ्या हातातून काढून घेतला, अर्धा भरलेला तसाच मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.

"घरी जा, मेंडर्ट."

मी गेलो. जाताना लाज वाटत होती आणि रागही जात नव्हता. हेसेल माझाही मित्र होता. त्याचं नाव घेऊन मी त्याच्या आईला असं बोललो. घरी जेवण गेलं नाही.

सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"तेल घेऊन ये," मावशी म्हणाली.

"कसलं तेल?"

"बिजागऱ्यांचं. खायचं माझ्याकडे आहे."

मी पोचलो तेव्हा ती ॲप्रन बांधून खिडकीबाहेर उभी होती. दोन्ही बाजूंचे आकडे गंजून भिंतीशी एकजीव झाले होते. मी तेल सोडलं, थांबलो, हातोडीनं हळूहळू ठोकलं. डावा आकडा सुटला, मग उजवा. मी झडपेला हात घालणार तोच ती म्हणाली, "सर बाजूला. मी लावते."

तिनं डावी झडप ओढली. बिजागरी इतकी किंचाळली की समोरच्या छपरावरचे समुद्रपक्षी उडाले. झडप भिंतीपासून सुटली आणि तिची पाठ उजेडात आली.

झडपेची आमच्याकडे वळलेली बाजू अकरा उन्हाळे-हिवाळे खाऊन राखी झाली होती, रंगाचे पोपडे निघाले होते. पण भिंतीला टेकलेली बाजू हिरवीगार होती. त्या बाजूला ऊन कधी लागलंच नव्हतं. कालपरवा रंगवल्यासारखी चकचकीत. ज्या वर्षी बोट गेली त्याच वर्षीच्या वसंतात हेसेलनं त्या झडपा रंगवल्या होत्या. मला आठवलं, कारण शिडी माझी होती, आणि ती त्यानं हिरव्या डागांसकट परत केली म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो.

खालच्या कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ सुकला होता आणि त्यात ब्रशचा एक केस अडकला होता. मावशीनं त्या ओघळावर बोट ठेवलं.

"सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली, "ब्रश निथळून घे म्हणून. ऐकेल तर शपथ."

मग ती रडायला लागली. झडपेला कपाळ टेकून, आवाज करून, लहान मूल रडतं तशी. मी तेलाची बाटली हातात धरून उभा होतो आणि माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. बऱ्याच वेळानं तिनं ॲप्रननं तोंड पुसलं, उजवी झडप ओढली आणि दोन्हींवर आडवा लाकडी आडणा सरकवला.

आत खोलीत अंधार झाला होता. झडपांच्या फटीतून दोन बारीक रेघा तेवढ्या जमिनीवर पडल्या होत्या.

"लावल्यास?" काकांनी विचारलं.

"लावल्या."

काकांनी चादरीबाहेर हात काढला. तो धरून ती खाटेच्या कडेला बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी करायला घेतली, दुसरं काय करणार.

दहाच्या सुमारास दार वाजलं. मी उघडलं तर शेजारची त्राइन. काळा लोकरी झगा, काळी टोपी, हातात कापडात गुंडाळलेला मनुकांचा पाव. तोवर बाहेर बत्तीस झालं होतं आणि तिच्या कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मागे तिचा नवरा आणि चर्चचा कारभार बघणारे एक ज्येष्ठ, टोप्या छातीशी धरून. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी मूर्खानं सगळा हिशोब उन्हाचा केला होता. गल्लीला काय दिसेल याचा विचारच केला नव्हता.

मावशी पुढे आली. त्राइननं तिचे दोन्ही हात धरले.

"नेल, अगं बाई... शांतपणे गेले ना गं?"

"अहो, तसं नाही..." मी सुरू केलं, तोच आतून काकांचा आवाज आला.

"कोण आहे? त्राइन का? पाव आणला असेल तर लोणी बाहेर काढा म्हणावं!"

त्राइनच्या हातून पाव पडता पडता राहिला. तिच्या नवऱ्यानं टोपी घाईघाईनं डोक्यावर घातली आणि परत काढली. मला हसू फुटलं. ते दाबताना नाकातून भलताच आवाज निघाला. आता सांगून टाकायचं की हे उन्हासाठी आहे, चूक झाली, बसा, कॉफी घ्या. तोंड उघडलं, तर मावशीनं माझ्या दंडावर हात ठेवला.

"लुबर्ट नाही, त्राइन," ती म्हणाली. "हेसेल. आमचा हेसेल गेला."

त्राइन तिच्याकडे बघतच राहिली. मग अशा वेळी जे विचारायची सवय असते तेच तिच्या तोंडून निघालं.

"केव्हा गं?"

"अकरा वर्षं झाली."

मग त्राइननं पाव माझ्या हातात दिला आणि त्या काळ्या लोकरी झग्यासकट, घामासकट, मावशीला कवटाळलं. ज्येष्ठ आत गेले, खाटेशी वाकले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "लुबर्ट," ते म्हणाले, "तुमचा मुलगा फार चांगला होता." काका म्हणाले, "होता." एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना दिसत होते. मला वाटतं, बोटीवर जन्म काढलेल्या त्या माणसाला पहिल्या रात्रीच कळलं होतं. बायको वाट बघतेय तोवर आपण रडायचं नाही, एवढं त्यांनी अकरा वर्षं पाळलं होतं.

अकराला इनेके गाडी घेऊन आली. दारात काळे कपडे बघून तिचं तोंड उतरलं. मी तिला खूण केली आणि भिंतीवरचा तापमापक दाखवला. सव्वीस होतं. तिनं काकांची नाडी बघितली, दोनदा बघितली, बाहेर जाऊन गाडीवाल्याला परत पाठवलं आणि येऊन खुर्चीत बसून पाव खाल्ला.

दिवसभर माणसं येत राहिली. ज्या तीन घरांतले तिघं तेव्हा गेले होते, त्या घरांतल्या बायका एकत्र आल्या आणि मावशीजवळ बसून राहिल्या. बाहेर अडतीस अंश ऊन होतं, आत सत्तावीसच्या वर काटा गेला नाही. संध्याकाळी मी बाहेरून झडपेला तळवा लावला तर चटका बसला. मग आत येऊन काचेला लावला, तर काच नुसती कोमट होती.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. फार जवळच्या घरी कोणी गेलं की शेजारीही आपल्या झडपा लावतात. त्याच दुपारी मी बांधावर उभा राहिलो आणि गल्लीकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या झडपा लागल्या होत्या. एकोणीस वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला ते त्या दिवशी झालं होतं, आणि त्यातली एकही झडप कोणी उन्हासाठी लावली नव्हती. मी घरी जाऊन आमच्याही लावल्या.

पाचव्या दिवशी वारा फिरला. वायव्येचा गार वारा सुटला आणि उकाडा एका दुपारीत ओसरला. पण झडपा उघडायच्या कशा? दफन झाल्याशिवाय उघडत नाहीत, आणि दफन करणार कशाचं? ज्येष्ठांनीही यावर डोकं खाजवलं. शेवटी मावशीच उठली, चमच्यांचा खण उघडला, चमचे बाजूला सारले आणि ते पाकीट काढलं.

आम्ही सगळे बंदराच्या टोकाला गेलो. पाद्रीबाबांनी स्तोत्र म्हटलं. मावशीनं पाकीट फोडलं, चष्मा लावला आणि कोर्टाचा तो रुक्ष कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्यानं वाचला. हेसेलचं नाव त्यात चारदा आलं. चारही वेळा ती थांबली आणि मग पुढे गेली. कागद तिनं पाण्यात टाकला नाही. घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि आम्ही परत आलो.

मी आडणा काढला. झडपा तिनंच उघडल्या, एकेक करून, आणि हिरवी बाजू पुन्हा भिंतीकडे गेली. आत काका उशीवर जागे होते. पाच दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर थोडं रक्त आलं होतं. मावशी आत आली, खिडकीशी उभी राहिली आणि बघत राहिली. बंदर रिकामं होतं. वाऱ्यानं समुद्रावर पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

"नेल," काकांनी विचारलं, "काय दिसतंय?"



"पाणी," ती म्हणाली.